‘शॅल’चे प्रताप

इंग्रजी भाषा रेखीव, नेमकी, कायद्याच्या कामास जन्मतःच लायक. मराठी भाषा रसाळ खरी, कीर्तनास नि काव्यास उत्तम, पण न्यायासनापुढे तिचा निभाव लागणे कठीण, हे मत आपल्या सुशिक्षित वर्गात इतके मुरले आहे की, त्यास पुरावा मागणारा मनुष्यच हेकट ठरतो. संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज, संसद अन्यथा ठरवीपर्यंत, मुख्यतः इंग्रजीत ठेवले. त्यास आता सात दशकांहून अधिक काळ लोटला असून तेवढ्या अवधीत सवयीचे रूपांतर सिद्धांतात झाले आहे. इंग्रजी चालत आली म्हणून पुढे चालू ठेवा, असे कोणी म्हटले तर त्यात प्रामाणिकपणा तरी आहे. परंतु ती नेमकी आहे म्हणून चालू ठेवा, असे जे म्हणतात त्यांच्या मालाची झडती घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे. झडतीसाठी एखादा लॅटिन धाटणीचा दुर्बोध शब्द आम्ही निवडीत नाही. तसे करणे म्हणजे प्रतिपक्षाला अडचणीच्या जागी गाठणे होईल. इंग्रजी कायद्याच्या वाक्याचा जो कणा, इंग्रजांच्या राज्यापासून आपल्या प्रत्येक अधिनियमात जो पानोपानी भेटतो, तो साधा, एकाक्षरी, शाळकरी पोरासही ठाऊक असलेला शब्द आम्ही घेतो. तो शब्द म्हणजे ‘शॅल’.

या शब्दाचे कूळ थोर आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता; कर्ज व अपराध या दोहोंस जर्मन भाषेत जो ‘शुल्ड’ शब्द आहे, तो याचाच भाऊबंद. ‘विल’ हा इच्छेचा शब्द, ‘शॅल’ हा ऋणाचा. वाटणी सरळ होती. पुढे दोघांसही भविष्यकाळाची चाकरी लागली आणि घोटाळ्यास आरंभ झाला. १६५३ साली जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितपंडिताने (अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह प्रचारात आणणारा तो हाच) इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत लिहिले व त्यात असा दंडक घातला की, प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे निव्वळ भाकीत आणि ‘विल’ म्हणजे वचन किंवा धमकी; द्वितीय व तृतीय पुरुषी मात्र नेमके याच्या उलट. आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी हा दंडक छड्या खाऊन पाठ केला. इंग्रजांनी स्वतः तो कितपत पाळला, हे वेगळे सांगणे नलगे. नदीत बुडणाऱ्या स्कॉच मनुष्याची त्यांच्याकडील जुनी थट्टा प्रसिद्ध आहे. त्या बिचाऱ्याने ओरडताना ‘विल’च्या जागी ‘शॅल’ व ‘शॅल’च्या जागी ‘विल’ घातल्यामुळे, ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवता कामा नये’ असा त्याच्या हाकेचा अर्थ झाला; आणि काठावरच्या व्याकरणनिष्ठ सज्जनांनी त्याच्या इच्छेचा मान राखिला! १९०६ साली फाउलर बंधूंनी आपल्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात या दोन शब्दांसाठी लांबलचक प्रकरण खर्ची घातले, आणि कबुली काय दिली? दक्षिण इंग्लंडातील मनुष्यास हा प्रयोग निसर्गतः साधतो, इतरांस तो बहुधा साधत नाही. जो नियम पाळण्यास विशिष्ट परगण्यात जन्म घ्यावा लागतो, त्यास नियम म्हणावे की सोवळे? १९४० साली चर्चिलने पार्लमेंटात आणि १९४२ साली सेनापती मॅकार्थरने ऑस्ट्रेलियात जे निर्धार बोलून दाखविले ते दोन्ही प्रथमपुरुषी ‘शॅल’मध्ये आहेत. वॉलिसच्या दंडकाप्रमाणे ते पंचांगातले पर्जन्यभविष्य ठरावयास हवे होते.

व्याकरणातला हा गोंधळ व्याकरणापुरता राहिला असता, तर त्यावर लेखणी झिजविण्याचे आम्हांस कारण नव्हते. ज्या भाषेत ती ती मंडळी जन्मली तिच्यात त्यांनी हवे तसे बुडावे. परंतु हाच शब्द आपल्या हक्कांच्या व कर्तव्यांच्या सनदांवर बसलेला आहे. संविधानाचा ५२वा अनुच्छेद म्हणतो, भारतास एक राष्ट्रपती ‘शॅल’ असेल. ठीक. पण हे देणे कोणाच्या डोक्यावर? आज्ञा कोणास केली? कोणासच नाही, ती केवळ स्थापना आहे. पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ ‘शॅल’ असेल. तेथेही देशास कोणी हुकूम सोडलेला नाही. दुसरीकडे, अमक्यास अमुक मिळण्याचा हक्क ‘शॅल’ असेल असे कलम असते. तेथे तोच शब्द कर्तव्य सोडून हक्क बोलू लागतो. अमुक शब्दाचा अर्थ ‘शॅल’ तमुक असेल, येथे तो कोशकार बनतो. अर्जासोबत पावती ‘शॅल’ जोडलेली असेल, येथे तो अट घालतो. आणि ३७व्या अनुच्छेदाचा चमत्कार तर अवश्य पाहावा. मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी कोणत्याही न्यायालयाकडून करवून घेता येणार नाही, हे एका ‘शॅल’ने सांगून, लगेच पुढे, ही तत्त्वे लागू करणे हे राज्याचे कर्तव्य असेल, हे दुसऱ्या ‘शॅल’ने सांगितले आहे. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले, आणि दोन्ही हातांत अंगठी एकच.

यावर वकीलवर्ग हसून म्हणेल की, संदर्भाने अर्थ कळतो. कळत असता तर १९५७ सालचा तो निकाल लागता ना. लोकसेवा आयोगाशी शासनाने विचारविनिमय ‘शॅल’ करावा, असे ३२०व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. उत्तर प्रदेश शासनाने आपल्या एका नोकरास पदावरून खाली आणले. विचारविनिमयात कसूर झाली अशी त्याची तक्रार होती. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, येथील ‘शॅल’ हा बंधनकारक नसून केवळ मार्गदर्शक आहे. विचारविनिमय न केल्याने शासनाची कृती रद्द होत नाही. बंधनकारक तो ‘मँडेटरी’, आणि मार्गदर्शक तो ‘डायरेक्टरी’, अशी या दोन जातींची नावे आहेत. (सामान्य मनुष्यास डायरेक्टरी म्हटले की टेलिफोनचे पुस्तक आठवते, आणि त्या पुस्तकाइतपतच बंधन या जातीच्या कलमात असते.) याच्या उलट, ‘मे’ म्हणजे ‘करता येईल’ हा शब्द काही प्रसंगी ‘शॅल’ म्हणून वाचावा लागतो, असाही न्याय रूढ आहे. म्हणजे ‘करावे लागेल’ याचा अर्थ ‘करता येईल’, आणि ‘करता येईल’ याचा अर्थ ‘करावे लागेल’. कोणता कोठे, ते निकाल लागल्यावर समजेल. निकालानंतर समजणाऱ्या नेमकेपणाचे ग्राहकास काय मोल? राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे किंवा कसे, ही शंका खुद्द राजेंद्रप्रसादांनी १९६० साली जाहीर भाषणात काढली होती. मंत्रिमंडळ ‘शॅल’ असेल, एवढेच मूळ ७४व्या अनुच्छेदात होते. त्यापुढे, त्या सल्ल्यानुसार राष्ट्रपती ‘शॅल’ वागेल, असा आणखी एक ‘शॅल’ ४२व्या दुरुस्तीने १९७६ साली घालावा लागला. एका टाक्याने भागले नाही म्हणून दुसरा!

न्यायालयापर्यंत न गेलेली प्रकरणे याहून बोलकी आहेत. लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष व उपाध्यक्ष ‘शॅल’ निवडावेत, असे ९३वा अनुच्छेद सांगतो. २०१९ साली निवडून आलेल्या सतराव्या लोकसभेने २०२४ साली विसर्जित होईपर्यंत उपाध्यक्ष निवडलाच नाही. राज्यांच्या विधानसभांसाठी असाच १७८वा अनुच्छेद आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेचे अध्यक्षपद फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, रिकामे राहिले व उपाध्यक्षांवर काम भागले. दिल्लीत सत्ता कोणाची व मुंबईत कोणाची, हा वाद येथे गैरलागू आहे. पक्ष दोन होते, शब्द एकच होता. दोन्हीकडे कारणे सांगितली गेली, आणि कारणे सांगता आली याचेच कारण तो शब्द.

कोणी म्हणेल, उपाध्यक्षाची खुर्ची रिकामी राहिल्याने कोणाचे काय बिघडले? त्याने अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या कॅसल रॉक या गावची हकीकत ऐकावी. १९९९ सालच्या जून महिन्यात तेथील एका स्त्रीच्या तीन लहान मुलींना तिच्यापासून विभक्त राहणाऱ्या नवऱ्याने अंगणातून उचलून नेले. त्याने जवळ येऊ नये असा न्यायालयाचा मनाई-हुकूम तिच्याकडे होता. असा हुकूम मोडणाऱ्यास पोलिसाने ‘शॅल’ अटक करावी, असा त्या राज्याचा कायदा होता. आणि तो कायदा घरातील मारहाणीकडे पोलीस काणाडोळा करतात, या अनुभवातूनच झालेला होता. ती बाई संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत पोलिसांस फोन करीत राहिली, अखेर स्वतः ठाण्यात गेली. थोडी वाट पाहा, असे तिला सांगण्यात आले. पहाटे तो मनुष्य स्वतःच ठाण्यासमोर आला व गोळीबार करू लागला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींची प्रेते सापडली. तिने गावाविरुद्ध दाद मागितली. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिचा दावा अमान्य केला. हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा घटनासिद्ध हक्क तिला नाही, असे बहुमताने ठरविले; आणि तिथवर जाताना न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी असे प्रतिपादन केले की, पोलिसांच्या तारतम्याची परंपरा इतकी खोल रुजलेली आहे की, कायद्यात ‘शॅल’ आहे एवढ्याने अटक खरोखरीच बंधनकारक होत नाही. कायदा करणाऱ्यांनी जो शब्द पोलिसांचे तारतम्य काढून घेण्यासाठी घातला, त्याच शब्दात ते तारतम्य शिल्लक सापडले. २०११ साली अमेरिका खंडातील मानवी हक्क आयोगाने या प्रकरणी अमेरिकेस दोषी धरले. पण ज्या शब्दावर विसंबून त्या आईने ती रात्र काढली त्याचे काय?

आता या शब्दाचे दुसरे तोंड पाहा. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस येथे हवामानविषयक करार व्हावयाचा होता. विकसित राष्ट्रांनी हवेत सोडावयाच्या वायूंमध्ये सर्वांगीण कपात ‘शॅल’ करावी, असे वाक्य अखेरच्या मसुद्यात उतरले होते. विकसनशील राष्ट्रांसाठी त्याच परिच्छेदात सौम्य ‘शुड’ होता. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली. हा शब्द राहिला तर ते कायदेशीर बंधन होईल, मग करार सिनेटपुढे न्यावा लागेल आणि तेथे तो बुडेल. धावाधाव झाली; नजरचुकीच्या दुरुस्त्यांच्या यादीत घालून तो ‘शॅल’ काढण्यात आला व ‘शुड’ बसविण्यात आला. दहा वर्षांपूर्वी तीन मुलींच्या आईस, ‘शॅल’ने बंधन येत नाही असे ज्या देशाच्या न्यायासनाने सांगितले, त्याच देशास आपल्या धुराड्यांचा प्रश्न येताच हा शब्द बेडीसारखा जड वाटू लागला. बंधन लादावयाचे असते तेव्हा हा शब्द सैल, आणि आपल्यावर येऊ लागले की तो घट्ट. असा हा उपकारी शब्द आहे.

न्यायाधीशांची बाजू आम्ही नजरेआड करीत नाही. प्रत्येक ‘शॅल’ लोखंडी मानला, तर कारकुनाच्या एका दिवसाच्या दिरंगाईपायी एखाद्याचा सबंध दावा बुडेल, हे खरेच आहे. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने तीस दिवसांत, व फार तर नव्वद दिवसांपर्यंत, कैफियत ‘शॅल’ दाखल करावी, असा नियम २००२ साली झाला. कैलाश विरुद्ध नन्हकू या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत मार्गदर्शक ठरविली. त्यात न्यायबुद्धी आहे. परंतु पुढची गोष्ट वकील मंडळी सहसा सांगत नाहीत. २०१५ साली व्यापारी दाव्यांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा १२० दिवसांची मर्यादा घालून, ती उलटल्यावर प्रतिवादीचा हक्क गमावला जाईल आणि कैफियत दप्तरी घेतली जाणार नाही, असे कायद्याने उघड सांगितले. मग मात्र २०१९ साली त्याच न्यायालयाने ही मुदत बंधनकारक धरली. काम कोणी केले? ‘शॅल’ने नव्हे. तो दोन्ही ठिकाणी होता. काम केले ते, ‘न केल्यास काय होईल’ हे सांगणाऱ्या साध्या शब्दांनी.

इतर देशांत हे ओळखले गेले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ सालच्या तात्पुरत्या घटनेत ‘शॅल’ होता. १९९६ च्या कायम घटनेत त्याच्या जागी ‘मस्ट’ आला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी न्यायालयांची नियमावली २००७ साली नव्याने लिहिताना हा शब्द संदिग्ध म्हणून हद्दपार करण्यात आला. तीन वर्षांनी एका नियमात (तो छपन्नावा) त्यास परत बोलवावे लागले, ही गोष्ट ‘शॅल’चे कैवारी मोठ्या आनंदाने सांगतात. परत का बोलावले? ‘मस्ट’ घालावे तर फार, ‘शुड’ घालावे तर थोडे, आणि जुन्या निकालांची परंपरा तर मोडता कामा नये, म्हणून. अर्थात, जेथे नक्की काय म्हणावयाचे ते ठरत नव्हते, तेथे तो उपयोगी पडला. आमचे म्हणणे याहून निराळे कोठे आहे?

आता घरच्या गोष्टीकडे वळू. इंग्रजीची ही अडचण इंग्रजीपाशी राहती तरी बरे होते. आमच्या सरकारी भाषांतरकारांनी ती ओढून घरात आणली. ‘शॅल’ दिसला की क्रियापदास ‘ईल’ लावावयाचे: करील, देईल, असेल, निवडील. कायद्यापुढील समानता राज्य कोणासही ‘नाकारणार नाही’, असे संविधानाच्या मराठी पाठात चौदाव्या अनुच्छेदात आहे. ही मनाई आहे की आश्वासन? राज्यास बजावले आहे की राज्य शपथ घेत आहे? मराठीत मनाईस ‘नाकारता कामा नये’ असे स्वच्छ रूप असताना भविष्यकाळाच्या दारात का उभे राहावे? मराठी भविष्यकाळाची पत काय आहे ते प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ‘शिंपी उद्या कपडे देईल’, ‘सोनार परवा पाटल्या देईल’, या वायद्यांनी ‘देईल’ हे क्रियापद केव्हाच नासविले आहे. आणि गंमत अशी की, याच अधिनियमांच्या आरंभी, जेथे इंग्रजीत ‘मे’ आहे, तेथे मराठीत ‘या अधिनियमास अमुक म्हणावे’ असे खणखणीत विध्यर्थी रूप येते. नाव काय घ्यावे हे ठासून सांगितले, आणि काम काय करावे हे शिंप्याच्या भाषेत!

मराठीला हुकूम देता येत नाही, असे का कोणास वाटावे? शिवशाहीतील व पेशवाईतील पत्रे पाहा. ‘तरी तुम्ही अमुक करणे. जाणिजे.’ कर्ता ठरला, काम ठरले, विषय संपला. त्या कारभाराचे दोष पुष्कळ सांगता येतील, पण ‘करणे’ म्हणजे ‘वाटल्यास करणे’ असा अर्थ काढणारा कमाविसदार टिकला नसता. आजचे साधे भाडेपत्र घ्या. त्यात ‘भाडे देईल’ यावर घरमालक समाधान मानीत नाही. ‘दरमहा अमुक तारखेच्या आत भाडे द्यावयाचे आहे, न दिल्यास जागा खाली करावी लागेल’, असे तो लिहून घेतो. चाळीच्या मालकास जी भाषा साधते ती विधिविभागास साधू नये?

येथे व्याकरणज्ञ आम्हांस अडवतील. मराठीचा ‘आवे’कारी विध्यर्थ तरी एकार्थी आहे काय? ‘त्याने जावे’ यात कर्तव्य आहे, इच्छा आहे, सल्ला आहे, शक्यताही आहे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून ही चर्चा चालत आलेली आहे. आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच ‘शॅल’च्या जागी सरसकट ‘करावे’ घाला असे आम्ही म्हणत नाही. मराठीत निवड आहे, एवढेच आमचे सांगणे. बंधन असेल तेथे ‘केलेच पाहिजे’, मुभा असेल तेथे ‘करता येईल’, सल्ला असेल तेथे ‘करावे’, मनाईस ‘करता कामा नये’, हक्क असेल तेथे ‘हक्क आहे’, आणि स्थापना असेल तेथे निव्वळ ‘आहे’. त्या ‘आहे’ला कमी लेखू नये. संविधानातील ज्या वाक्याने हजारो वर्षांच्या पापावर घाव घातला ते सतराव्या अनुच्छेदाचे पहिले वाक्य पाहा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, आणि तिचे आचरण निषिद्ध आहे. इंग्रजी पाठातही या वाक्यात ‘शॅल’ नाही. तो येतो पुढच्या वाक्यात, आणि तेथेही एकटा येत नाही. कायद्याने शिक्षा होईल असा अपराध म्हणून परिणामाचे नाव घेऊन येतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेने हा अनुच्छेद स्वीकारला तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर होते. ज्यांना खरोखरीच काही करावयाचे असते ते भविष्यकाळावर हवाला ठेवीत नाहीत.

भाषांतरकार मुळाशी बांधलेला आहे, त्याने मुळात नसलेला अर्थ कसा घालावा, ही शेवटची ढाल. पण मुळात जेथे सहा अर्थ कोंबलेले आहेत, तेथे ‘ईल’ लावणे म्हणजे मुळाशी इमान राखणे नव्हे. सहांपैकी सातवाच, भाकिताचा, अर्थ निवडणे आहे. निवड तर होतेच, मग ती डोळे उघडून करावी. आणि केंद्राचे कायदे राहू द्या. राज्याचे स्वतःचे अधिनियम, नगरपालिकांचे व पंचायतींचे नियम, सहकारी संस्थांचे पोटनियम यांवर कोणते इंग्रजी मूळ बसले आहे? ते तरी आधी मराठीत विचार करून लिहावेत, प्रत्येक कलमात करणाऱ्याचे नाव घालावे, दिवस मोजून सांगावेत, आणि न केल्यास काय, ते त्याच कलमात लिहावे. ‘अध्यक्षपद रिकामे झाल्यापासून तीस दिवसांच्या आत विधानसभेने नवा अध्यक्ष निवडलाच पाहिजे, न निवडल्यास एकतिसाव्या दिवशी सभागृहापुढे निवडणुकीवाचून दुसरे कोणतेही काम घेता येणार नाही.’ यास संविधानाची दुरुस्ती लागेल हे आम्हांस ठाऊक आहे. वाक्य केवळ नमुन्यादाखल दिले आहे. मराठीस कायद्याची भाषा येत नाही असे ज्यांचे म्हणणे आहे, त्यांनी या वाक्यातून ‘डायरेक्टरी’ अर्थ काढून दाखवावा.